कागदावरचा हीट पंप आणि घरातला

घरे ऊबदार ठेवण्यासाठी जाळला जाणारा गॅस हळूहळू बंद करावयाचा आणि त्याच्या जागी विजेवर चालणारे हीट पंप बसवावयाचे, हे धोरण ब्रिटिश सरकारने अंगीकारले त्याला आता काही वर्षे लोटली. नोव्हेंबर 2020 मध्ये जाहीर झालेल्या दहा कलमी योजनेत 2028 पर्यंत दरसाल सहा लाख पंप बसविण्याचे लक्ष्य ठेवण्यात आले होते. प्रत्यक्षात 2024 या सालात तेथे विकले गेलेले पंप एक लाखाच्या आसपास होते. या तफावतीची कारणे सांगताना पंपाची किंमत, कुशल कारागिरांची टंचाई आणि विजेचे दर यांचा उल्लेख नेहमी होतो, आणि तो रास्तही आहे. परंतु ज्या घरांत पंप बसला त्या घरांत पुढे काय झाले, माणसे त्याच्याबरोबर कशी राहिली, हा प्रश्न त्या मानाने मागे पडतो. तेथील काही संशोधकांनी गेली पंधरा-सतरा वर्षे हा प्रश्न चिकाटीने विचारला आहे. अनुदान देऊन चुली, शेगड्या आणि गोबर गॅसची संयंत्रे घरोघरी पोहोचविणाऱ्या आपल्या देशाला त्यांच्या उत्तरांत रस असावयास हरकत नाही.

यंत्राचे तत्त्व नवीन नाही. आपल्या घरातला फ्रीज आतली उष्णता काढून पाठीमागच्या जाळीवाटे स्वयंपाकघरात सोडतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली अथवा जमिनीतली उष्णता उपसून घरात आणतो. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आलेल्या विल्यम थॉमसन यांनी ही कल्पना 1852 सालीच मांडली होती. येथे विजेपासून उष्णता निर्माण करावयाची नसून ती एका जागेहून दुसरीकडे वाहून न्यावयाची असते. म्हणून विजेच्या एका युनिटात उष्णतेची अडीच, तीन, क्वचित चार युनिटेही पदरात पडतात. यात जादू काही नाही. पण अट एक आहे. बाहेरची थंडी आणि आत फिरणाऱ्या पाण्याचे तापमान यांत जितके अंतर अधिक, तितके पंपाला श्रम अधिक. पाणी 35 ते 45 अंशांवर ठेवले तर पंप काटकसरीने चालतो. 60 अंशांचा आग्रह धरला की त्याची बरीचशी करामत संपते.

नेमकी याच ठिकाणी माणसाची सवय आडवी येते. ब्रिटनमधील सुमारे 85 टक्के घरे गॅसवर ऊब घेतात. गॅसचा बॉयलर पाणी 60 ते 80 अंशांपर्यंत तापवतो. भिंतीवरच्या रेडिएटरला हात लावला तर चटका बसतो. सकाळी तासदोन तास आणि संध्याकाळी माणसे घरी परतल्यावर काही तास बॉयलर चालवावयाचा, मधल्या वेळी बंद ठेवावयाचा, ही काटकसरीची रीत तेथे दोन पिढ्या रुजली आहे. हीट पंपाचा स्वभाव याच्या उलट. तो संथ चालतो, दिवसभर चालतो, आणि रेडिएटर कोमटच राहतो. गृहिणी अथवा घरातील वृद्ध मनुष्य त्या रेडिएटरला हात लावून पाहतो आणि यंत्र चालत नाही असा निष्कर्ष काढतो. मग तापमानाचे बटण वर चढते, किंवा 'वाचविण्यासाठी' पंप दुपारभर बंद ठेवला जातो आणि संध्याकाळी थंड पडलेले घर एकदम तापविण्यासाठी त्याला धावावे लागते. पुष्कळ पंपांना जोडून साधा विद्युत तापकही बसविलेला असतो. अशा वेळी तो चालू होतो, आणि तेथे एका युनिटाला एकच युनिट मिळते. बिल येते तेव्हा दोष पंपाच्या नावावर जमा होतो.

हे सारे तर्काने सांगता येण्यासारखे असले तरी ते मोजून पाहण्याची गरज होती. एनर्जी सेव्हिंग ट्रस्ट या संस्थेने ब्रिटनमधील पहिली मोठी चाचणी घेतली व तिचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष नांदत्या घरांतील 83 पंपांवर मोजमापाची उपकरणे बसविण्यात आली होती. निष्कर्ष उत्साह वाढविणारे नव्हते. हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपांचा मध्यम गट एकास सुमारे 2.2 इतकीच उष्णता देत होता. जमिनीतून घेणाऱ्यांचा 2.3 ते 2.5. काही पंप मात्र तीनच्याही वर गेले होते. एकाच देशात, जवळपास एकाच हवामानात, एकाच तत्त्वावर चालणाऱ्या यंत्रांत एवढी तफावत का पडावी?

याच चाचणीचा भाग म्हणून ओपन युनिव्हर्सिटीतील संशोधकांनी त्या घरांतील माणसांकडे तपशीलवार विचारणा केली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचे सार असे : बहुतेक माणसे ऊब, गरम पाणी आणि यंत्राचा भरवसा यांबाबत समाधानी होती, ज्यांना यंत्र कसे चालते याची समज अधिक आणि जे ते अधिक सलग चालवीत, त्यांच्या घरी कार्यक्षमता अधिक आढळली, आणि अधिक कार्यक्षम पंप सामाजिक गृहयोजनांतील भाडेकरूंपेक्षा खाजगी मालकांच्या घरी अधिक प्रमाणात होते. दुसऱ्या निष्कर्षाविषयी नमुना लहान असल्याची कबुली संशोधकांनी दिली आहे, आणि ती त्यांच्या सचोटीची खूण आहे. पण तिसरी गोष्ट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलेली आहे, आणि माझ्या मते या साऱ्या संशोधनातील ती सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

भाडेकरूंच्या घरी पंप कमी कार्यक्षम का, याचे उत्तर घाईने देण्याचा मोह होतो. 'वापरणाऱ्याची चूक' हा शब्दप्रयोग अभियंत्यांच्या तोंडी सहज येतो. ओपन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी तो मोह टाळला आणि यंत्रणा, घर व राहणारा या तिन्हींतील भेदांच्या परस्परक्रियेने हा फरक स्पष्ट केला. घरमालक स्वतः पैसे मोजतो, चार ठिकाणी चौकशी करतो, कारागिराशी हुज्जत घालतो, पुस्तिका वाचतो. यंत्र त्याने निवडलेले असते. गृहसंस्थेच्या भाडेकरूच्या बाबतीत निवड संस्थेची, कंत्राट संस्थेचे, आणि बिल तेवढे भाडेकरूचे. भिंतीवरच्या नियंत्रकावरील चिन्हे त्याला कोणी समजावून दिली नाहीत तर तो ती अंदाजाने दाबणार. या अंदाजाला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. जे यंत्र चालविण्यासाठी उष्मागतिकीचा पहिला धडा यावा लागतो, त्याच्या रचनेतच काही उणे राहिले आहे, असे का म्हणू नये?

सरकारी योजनांनीही या शिक्षणाची फारशी फिकीर केली नव्हती. 2011 ते 2014 या काळातील अनुदान योजनेखाली सुमारे 14 हजार पंप बसले, त्यांपैकी सुमारे 700 पंपांवर मीटर लावण्यात आले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने त्या नोंदी तपासल्या तेव्हा विश्लेषणाला टिकतील अशा नोंदी 400 च्या थोड्या वर घरांच्याच निघाल्या. घरात मीटर लावणे सोपे, तो नीट लागला आहे याची खात्री करणे कठीण! याच संशोधकांनी 21 घरांत प्रत्यक्ष जाऊन, माणसांशी बोलून, वेगळा अभ्यास केला. आकड्यांच्या ढिगाला अर्थ येण्यासाठी तो आवश्यकच होता. दरम्यान 2014 च्या एप्रिलपासून 2022 च्या मार्चपर्यंत घरगुती उष्णतेसाठी जी प्रोत्साहन योजना चालली, तिच्यात बहुतेकांना पैसे मिळत ते घराला किती उष्णता लागेल या अंदाजावर. पंपाने किती दिली याच्या मोजमापावर नव्हे. प्रशासनाच्या दृष्टीने हे सुटसुटीत होते, यात शंका नाही. पण सरकार ज्या फळासाठी खर्च करीत होते ते फळ पाहण्याची सोय त्या योजनेत अंगभूत नव्हती.

परिस्थिती पुढे सुधारली, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या चाचणीनंतर पंप बसविण्याचे नियम कडक झाले. 2020 नंतरच्या एका सरकारी प्रात्यक्षिकात आग्नेय स्कॉटलंड, न्यूकॅसल आणि आग्नेय इंग्लंड येथील सर्व तऱ्हेच्या घरांत, जुन्या व्हिक्टोरियन घरांपासून सदनिकांपर्यंत, 742 पंप बसविण्यात आले. त्यांतील हवेच्या पंपांची कार्यक्षमता 2.8 च्या आसपास भरली. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेने जुन्या घरांत केलेल्या मोजमापात हवेच्या पंपांची सरासरी 3.1 आली. 2.2 पासून येथवरचा प्रवास कारखान्यात जितका झाला तितकाच बसविणाऱ्याच्या हातांत झाला. पाण्याचे तापमान किती ठेवावे, रेडिएटर किती मोठे असावेत, या गोष्टी त्याला कळू लागल्या त्या आधीच्या चाचण्यांतील अपयश कोणी दडवून ठेवले नाही म्हणून.

तथापि 2.8 हा आकडा घरखर्चाच्या वहीत कसा उतरतो ते पाहावे. 2025 च्या उन्हाळ्यात ब्रिटनमधील दरमर्यादेप्रमाणे विजेचे युनिट सुमारे 26 पेन्स आणि गॅसचे सुमारे 6 पेन्स होते, म्हणजे वीज चौपटीहून महाग. 2.8 ने भागले तर पंपाची उष्णता युनिटाला नऊ पेन्सांच्या थोडी वर पडते. गॅसचा बॉयलर शंभरातील 85 भाग उष्णता देतो असे धरले तर त्याची उष्णता सात पेन्सांच्या थोडी वर. म्हणजे मध्यम कामगिरी करणारा पंप कोळशाच्या व गॅसच्या धुरातून पृथ्वीला वाचवीत असेल. घरमालकाचे पैसे वाचवीत नाही. ते वाचण्यासाठी कार्यक्षमता साडेतीनच्या आसपास न्यावी लागते किंवा विजेचे दर बदलावे लागतात. दर बदलणे सरकारच्या हाती आहे. रात्रीच्या स्वस्त विजेचा लाभ घेणारा चतुर ग्राहक आपल्यापुरता मार्ग काढतोही. आणि येथेच पुन्हा तो भाडेकरू आठवतो. ज्याच्या घरी पंप 2.2 वर चालतो त्याला तीच ऊब पावणेबारा-बारा पेन्सांना पडणार, आणि तो बटण बंद करून थंडीत बसणार. नोंदवहीत त्याची वीज वाचली असे दिसेल.

म्हणून मीटरच्या आकड्यांवर, तसेच समाधानाच्या टक्केवारीवर, एकेकट्याने विसंबून चालत नाही. नेस्टा या संस्थेने 2023 मध्ये अडीच हजारांवर पंपधारकांची पाहणी प्रसिद्ध केली. गॅसचा बॉयलर काढून पंप घेतलेल्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक लोक समाधानी आढळले. वृत्तपत्रांतील पंपविरोधी ओरडीला हे चांगले उत्तर होते आणि मी त्याचे मोल कमी लेखत नाही. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी विचारणारच की हे समाधानी कोण? ज्याने स्वतःहून काही हजार पौंड खर्च केले, त्याला आपला निर्णय चुकला असे सांगणे जड जाते. शिवाय आपला पंप 2.2 वर चालतो की 3.2 वर, हे घरात बसून जाणवत नाही. ऊब सारखीच असते, फरक बिलात असतो, आणि बिलात तर दिवे, ओव्हन, धुलाईयंत्र सारे एकत्र मिसळलेले. समाधान आणि कार्यक्षमता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्या दोन निराळ्या साधनांनी मोजाव्या लागतात, आणि एकाच घरात मोजाव्या लागतात.

डेन्मार्कमधील एका अभ्यासाने याच्या पुढची गुंतागुंत दाखविली. तेथे साध्या विद्युत तापकांच्या जागी हवेचे छोटे पंप बसविलेल्या घरांची 2012 मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की कायम वस्तीच्या घरांत अपेक्षित बचतीपैकी सुमारे 20 टक्के बचत अधिक आरामात खर्च झाली. जास्त खोल्या तापविल्या गेल्या, तापमान थोडे वर ठेवले गेले, ऊब घेण्याचा हंगाम लांबला, आणि उन्हाळ्यात तोच पंप उलटा चालवून गारवाही घेतला गेला. सुट्टीपुरत्या वापरायच्या उन्हाळी घरांत तर विजेची बचतच दिसली नाही. इंधन काटकसरीने वापरता येऊ लागले की त्याचा एकूण खप वाढू शकतो, हे स्टॅन्ली जेव्हन्स यांनी 1865 मध्ये कोळशाविषयी सांगितलेच होते. पण या वाढलेल्या आरामाला 'गळती' म्हणून हिणविणे मला मान्य नाही. जी वृद्धा इतकी वर्षे एकाच खोलीत शेगडीजवळ बसून हिवाळा काढीत होती तिला दुसरी खोली उघडता आली, तर ते योजनेचे यश मानावयाचे की अपयश? हा प्रश्न अभियांत्रिकीचा नाही, आणि बचतीच्या एका स्तंभात त्याचे उत्तर मावत नाही.

आणखी एक उणीव आमच्या शास्त्राच्याच पदरी बांधावी लागेल. आम्ही 'कुटुंब' हा एकच ग्राहक मानतो. त्याला एक पसंती, एक उत्पन्न, एक बिल. प्रत्यक्षात नियंत्रकाचे बटण एकाच्या हाती असते, दिवसभर घरात थंडी दुसऱ्यालाच सोसावी लागते, आणि प्रश्नावलीला उत्तर तिसराच देतो. ब्रिटनमध्ये पंपासाठी गरम पाण्याची टाकी बसवावी लागते. आधुनिक बॉयलरच्या घरांत ती टाकी नाहीशी होऊन तेथे कपाट झालेले असते. ते कपाट गेले याचे दुःख तांत्रिक अहवालात कोठे नोंदवावयाचे? आपल्याकडील पाहण्यांतही माहिती बहुधा कुटुंबप्रमुखाकडून घेतली जाते. चूल मात्र दुसऱ्याच हातांनी फुंकलेली असते.

स्वीडनचे उदाहरण अशा संशोधनाचे फळ काय असते हे दाखविते. तेलसंकटानंतर तेथे हीट पंपांची लाट आली, पण 1980 च्या दशकात निकृष्ट यंत्रे व निष्काळजी बसवणूक यांमुळे पंपाचे नाव खराब झाले आणि अनुदान संपताच बाजार कोसळला. 1990 च्या दशकात सरकारी यंत्रणेने ग्राहकांच्या गरजा पुढे ठेवून कारखानदारांत स्पर्धा लावली, स्वतंत्र चाचण्या घेतल्या, कारागिरांना प्रशिक्षण दिले. आज स्वीडन व फिनलंडमधील 40 टक्क्यांहून अधिक आणि नॉर्वेमधील सुमारे 60 टक्के इमारतींत पंप आहेत. तेथे घरोघर गॅसचे जाळे नव्हते आणि वीज स्वस्त होती, हा भाग विसरता कामा नये. तेवढ्यापुरती ब्रिटनची वाट अधिक चढणीची आहे.

आपल्याकडे वळताना हवामानाचा फरक सांगत बसण्याचे कारण नाही. यंत्र वेगळे, प्रश्न तोच. 1983 पासून सुधारित निर्धूर चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला आणि 2002 मध्ये तो गुंडाळला गेला. चुली किती बांधल्या याचे आकडे त्या काळात नियमित मिळत. किती पेटत होत्या याचे नव्हे. पुढे ओडिशामध्ये रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी सुमारे 2,600 कुटुंबांचा चार वर्षे मागोवा घेतला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर तो परिणाम ओसरला. माणसे चूल नियमित वापरीत नव्हती, तिची डागडुजी करीत नव्हती, आणि फुप्फुसांच्या स्थितीत वा इंधनाच्या खर्चात फरक दिसला नाही. प्रयोगशाळेत ती चूल चांगलीच होती. 2016 मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतही जोडण्यांचा आकडा कोटींनी वाढत असताना 2019-20 मध्ये लाभधारकांनी वर्षाला सरासरी तीनच्याच आसपास सिलिंडर भरून घेतले होते. हा आकडा पुढे वाढला. तरी ज्या घरात वर्षाकाठी तीन सिलिंडर जातात, तेथे उरलेला स्वयंपाक कशावर होतो, हे कोणीतरी त्या स्वयंपाकघरात बसून पाहावयास हवे.

आणि हीट पंपाचा सख्खा भाऊ तर आपल्या शहरांत केव्हाच येऊन राहिला आहे. खोली गार करणारे वातानुकूलन यंत्र हे त्याच तत्त्वाचे, फक्त उलट दिशेने उपसणारे. त्याच्यावरील तारे ठरविताना ऊर्जा कार्यक्षमता विभाग, अर्थात 'बीईई', वर्षाकाठी 1,600 तास वापर धरतो. 2020 पासून ताऱ्यांच्या यंत्रांत आरंभीचे तापमान 24 अंश ठेवण्याचा नियमही आहे. नागपूरच्या मे महिन्यात आणि मुंबईच्या दमट ऑक्टोबरात ते 24 अंश किती घरांत टिकतात, शेजारी पंखा चालू असतो का, कोणाच्या खोलीत यंत्र आहे आणि कोण बाहेर व्हरांड्यात झोपतो, हे त्या ताऱ्यांवरून कळत नाही. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेने महाराष्ट्र व उत्तर प्रदेशातील काही घरांत मीटर बसवून घरगुती वीजवापराच्या नोंदी ठेवण्याचा उपक्रम केला आहे. तो स्तुत्य आहे, पण एका स्वयंसेवी संस्थेच्या बळावर एवढ्या मोठ्या देशाचे चित्र उभे राहणार नाही.

घरगुती उपकरणांसाठी जे अनुदान केंद्र व राज्य सरकारे देतात, त्यातील शंभरातला एक रुपया घरांतील पाहणीसाठी राखून ठेवावा. पाहणी अनुदान वाटणाऱ्या खात्याने करू नये. विद्यापीठांकडे आणि महाविद्यालयांकडे ती सोपवावी. ती निदान दोन पूर्ण वर्षे चालावी, कारण एका हंगामात सवय दिसत नाही. मीटर आणि मुलाखत दोन्ही असाव्यात, मुलाखत घरातील एकाहून अधिक माणसांची असावी, आणि ज्यांनी उपकरण काढून माळ्यावर टाकले त्यांना नमुन्यातून वगळू नये. ब्रिटनमधील मोजमापाच्या नोंदी नावगाव वगळून संशोधकांसाठी खुल्या करण्यात आल्या आहेत, तशा येथेही व्हाव्यात. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधीत असतात आणि शेवटी जनगणनेच्या जुन्या तक्त्यांवर भागवितात. तालुक्यातील शंभर घरे, त्यांचा मीटर आणि त्यांचे म्हणणे हा विषय त्यांना येत्या जूनपासून देता येईल. त्यासाठी दिल्लीच्या परिपत्रकाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.